विमा नसताना नाशिकमध्ये दातांचे उपचार मोफत किंवा अल्प खर्चात कसे मिळवावेत

पैशांअभावी दुखरी दाढ महिनोन्‌महिने अंगावर काढणारी माणसे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे कामगार, द्राक्षाच्या छाटणीला आलेली कुटुंबे, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षाचालक आणि पेन्शन नसलेली वृद्ध मंडळी यांना खासगी दवाखान्यात रूट कॅनाल (खराब नस काढून दात आतून भरणे) आणि कॅप (दातावर बसवायचे टोपण) यांचा खर्च ऐकला की परत फिरावे लागते, आणि मग लवंगेचे तेल, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी आणि एका बाजूने चावून जेवणे यांवर दिवस ढकलले जातात. या शहरात अशा रुग्णांसाठी काही वाटा निश्चित आहेत. त्या कोणत्या, कोणत्या दुखण्याला कोणती वाट धरावी आणि तिथे गेल्यावर काय विचारावे, हे पहिल्यांदाच जाणाऱ्यांना कळावे म्हणून हे टिपण क्रमाने लिहिले आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली अशी की, दातांचे बहुतेक उपचार बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे रुग्णाला दाखल न करता होतात; आरोग्य विम्याच्या बहुसंख्य पॉलिसी आणि शासनाच्या मोठ्या योजना मात्र दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आखलेल्या असतात. त्यामुळे किडलेल्या दाढेपुरते बोलायचे तर विमा असलेल्या माणसालाही बहुधा स्वतःच्याच खिशात हात घालावा लागतो, आणि विमा नसलेल्याने त्यामुळे हताश होण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोफत उपचारांत सर्वांत सहज मिळणारा उपचार म्हणजे दात काढणे, कारण त्याला भूल, चिमटा आणि कापूस यांपलीकडे फारसे साहित्य लागत नाही. रूट कॅनाल, कॅप आणि कवळी यांना साहित्य, वेळ आणि प्रयोगशाळेचे काम लागते, म्हणून तिथे खर्च किंवा प्रतीक्षा येते. त्यामुळे गरीब माणसाचे वाचण्यासारखे दातही काढले जातात, आणि चाळिशीतच तोंडाची एक बाजू रिकामी होते. हे टाळता येते, पण त्यासाठी लवकर जावे लागते आणि योग्य प्रश्न विचारावा लागतो.

पहिली पायरी: दुखणे कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखणे

दाढेला कीड लागली की आधी तिचे वरचे कठीण कवच पोखरले जाते. या काळात काहीच दुखत नाही, फार तर काळा ठिपका दिसतो किंवा अन्नाचा कण अडकू लागतो. कीड आतल्या मऊ थरापर्यंत पोहोचली की गार पाणी किंवा गोड खाल्ल्यावर क्षणभर कळ येते आणि लगेच जाते. इथपर्यंत खड्डा साफ करून साध्या सिमेंटने भरला की काम भागते, आणि हे काम सरकारी दंत विभागात होण्यासारखे असते. कळ बराच वेळ रेंगाळू लागली, गरम चहाने दुखू लागले किंवा रात्री आडवे झाल्यावर ठणका सुरू झाला, की कीड दाताच्या नसेपर्यंत गेली असे समजावे; आता दात वाचवायचा तर रूट कॅनाल करावे लागते.

यानंतरचा टप्पा सर्वांत फसवा आहे. काही दिवस असह्य ठणकलेली दाढ एकाएकी शांत होते आणि घरातले म्हणतात, बरे झाले, गोळीने गुण आला. वास्तविक आतली नस मेलेली असते, त्यामुळे वेदना कळत नाही, आणि जंतुसंसर्ग मुळातून हाडात उतरत राहतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, तिच्यातून पू येतो, किंवा सकाळी उठल्यावर गाल सुजलेला असतो. म्हणून ठणका थांबला तरी जाणे रद्द करू नये.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र दंत विभागाची वेळ पाहत न बसता थेट जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, रात्र असली तरी: सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरणे, जीभ वर उचलली जाणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, तोंड उघडता न येणे, सोबत ताप. दाढेचा संसर्ग मानेत उतरला तर श्वासमार्ग बंद होऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये आणि हिरडीवर वेदनाशामक गोळी चुरून ठेवू नये. त्या गोळीने हिरडी भाजते आणि दुखणे दुप्पट होते.

दुसरी पायरी: पगाराची पावती तपासणे

आपल्याला विमा नाही असे सांगणाऱ्या अनेक कामगारांच्या पगारातून प्रत्यक्षात दरमहा विम्याचे पैसे कापले जात असतात. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे कामगारांच्या बोलण्यातले ‘ईएसआय’, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला लागू होते. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. कंत्राटदारामार्फत लागलेल्या कामगारालाही ती लागू होते. पगाराच्या पावतीवर ही कपात दिसत असेल तर आपला विमा क्रमांक आणि ओळखपत्र कंत्राटदाराकडून मागून घ्यावे. तो कामगाराचा हक्क आहे. वैद्यकीय लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबालाही मिळतो, आणि त्यात दातांची तपासणी व उपचार येतात. नाशिकमध्ये या योजनेचे रुग्णालय सातपूरला त्र्यंबक रस्त्यावर आहे. आपल्या नावाशी जोडलेल्या ईएसआय दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन तिथे जावे, म्हणजे खिडकीवरून परत फिरावे लागत नाही.

कपात होते पण क्रमांक मिळत नाही, अशी कंत्राटदाराची टोलवाटोलवी चालू असेल तर पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या कार्यालयात त्या दाखवून विचारणा करावी.

तिसरी पायरी: जिल्हा रुग्णालय

ज्यांना ईएसआय नाही त्यांनी प्रथम त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सिव्हिल’मध्ये जावे. जुन्या सीबीएस बसस्थानकावर उतरले की ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. त्यासाठी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड दाखवण्याची अट नाही, आणि नाशिकचे रहिवासी असल्याचा पुरावा देण्याचीही नाही. बाहेरगावाहून कामासाठी आलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आधार कार्ड आणि मोबाईल क्रमांक सोबत असला म्हणजे नोंदणी पटकन होते.

सकाळी खिडकी उघडण्याच्या सुमारास पोहोचावे आणि नोंदणी करताना “दातांच्या विभागासाठी” असे स्पष्ट सांगावे, नाहीतर सर्वसाधारण ओपीडीचा कागद हातात पडतो आणि दुसऱ्यांदा रांगेत उभे राहावे लागते. सोमवारी आणि सलग सुट्ट्यांनंतरच्या दिवशी गर्दी जास्त असते. दुखणे थांबण्यासारखे असेल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. उपाशीपोटी जाऊ नये. भूल देऊन दात काढायचा असेल तर पोटात अन्न असलेले बरे, अन्यथा चक्कर येण्याचा धोका वाढतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फिट्स किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत आणि डॉक्टरांनी विचारण्याआधी दाखवावीत. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जाणे फार धोक्याचे आहे. तो निर्णय डॉक्टरांचा. गरोदर स्त्रीने आपण कितव्या महिन्यात आहोत हे सांगावे. दातांचे आवश्यक उपचार गरोदरपणातही करता येतात आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे मानले जातात.

खुर्चीवर बसल्यावर, तपासणी झाली की, एक प्रश्न अवश्य विचारावा: “डॉक्टर, ही दाढ वाचण्यासारखी आहे का?” हा प्रश्न विचारण्याचा संकोच अनेकांना वाटतो, कारण फुकट उपचार घेताना जास्त बोलू नये अशी भावना मनात असते. ती बाजूला ठेवावी. दाढ वाचण्यासारखी असेल आणि त्या विभागात त्या वेळी रूट कॅनालची सोय नसेल, तर पू आणि वेदना यांवर तात्पुरता उपचार करून घ्यावा आणि दात काढण्याऐवजी दंत महाविद्यालयासाठी चिठ्ठी मागावी. दाढ पूर्ण पोखरली असेल, फक्त मुळे उरली असतील किंवा ती फार हलत असेल, तर ती काढणेच योग्य; तेव्हा मागे लागून ती ठेवण्याने काही साधत नाही.

दात काढल्यानंतर ठेवलेला कापूस अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा, थुंकू नये, चूळ भरू नये, त्या दिवशी गरम पदार्थ घेऊ नयेत, आणि तंबाखू किंवा बिडीला तर निदान काही दिवस हात लावू नये. खड्ड्यात साकळलेले रक्त हीच त्या जखमेची खपली असते. ती थुंकण्याने किंवा बिडी ओढण्याने निघून गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षाही वाईट ठणका लागतो.

महापालिकेची रुग्णालयेही शहरात आहेत: कथडा भागात डॉ. झाकीर हुसेन, नाशिकरोडला बिटको, पंचवटीत इंदिरा गांधी आणि सिडकोत मोरवाडीचे श्री स्वामी समर्थ रुग्णालय. घराजवळचे असेल तिथे दंतवैद्य बसतात का आणि कोणत्या दिवशी, हे आधी विचारून घ्यावे. ती राज्य शासनाच्या आरोग्य विभागाची नसल्याने तिथले शुल्काचे नियम वेगळे असतात. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतील रुग्णांनी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवून तिथली चिठ्ठी घेऊन नाशिकला यावे. एक खेप वाचण्याची शक्यता असते.

चौथी पायरी: दंत महाविद्यालय

रूट कॅनाल, कॅप, कवळी, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया किंवा हिरड्यांचा जुना आजार यांसाठी, माझ्या मते, अल्प उत्पन्नाच्या माणसाला नाशिकमध्ये सर्वांत उपयोगी जागा म्हणजे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय. पंचवटीत मुंबई-आग्रा महामार्गालगत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत सर्व काही मोफत नसते, परंतु दर खासगी दवाखान्याच्या तुलनेत बरेच कमी असतात, कारण तिथे रुग्णावर उपचार करणे हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो.

“शिकाऊ मुलांच्या हाती तोंड कसे द्यायचे?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून तिथे काय घडते ते सविस्तर सांगतो. नवा रुग्ण आधी निदान विभागात जातो. तिथे पूर्ण तोंडाची तपासणी होऊन, लागल्यास एक्स-रे काढून, केसपेपरवर कोणत्या दाताला कोणता उपचार हवा हे लिहिले जाते आणि रुग्णाला त्या त्या विभागात पाठवले जाते. किडलेल्या दातांचा विभाग वेगळा, हिरड्यांचा वेगळा, शस्त्रक्रियेचा वेगळा, कवळ्यांचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा. विभागात तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी, पदवीनंतर वर्षभर प्रशिक्षण घेणारे इंटर्न आणि विशेषज्ञ होऊ पाहणारे पदव्युत्तर डॉक्टर काम करतात. विद्यार्थी कीड साफ करतो, मग थांबतो. शिक्षक येऊन आरशाने खड्डा पाहतात, एखादा कोपरा राहिला असेल तर बोट दाखवतात. विद्यार्थी तेवढे पुन्हा करतो, आणि शिक्षकांनी मान डोलावल्यावरच सिमेंट भरले जाते. खासगी दवाखान्यात वीस मिनिटांत होणारे काम इथे दीड तास चालते. काम तपासून घेतलेले असते, ही त्याची जमेची बाजू. रोजंदारी बुडते, ही दुसरी बाजू. अवघड दाढांचे रूट कॅनाल सहसा पदव्युत्तर डॉक्टरांकडे सोपवले जाते. आपल्याकडे कोण काम करणार हे विचारायला हरकत नाही.

तिथे जाताना तीन गोष्टी पाळाव्यात. उपचार सुरू होण्यापूर्वी संपूर्ण खर्च विचारून घ्यावा, आणि त्यात कॅप धरली आहे की नाही हेही विचारावे, कारण रूट कॅनाल केलेली दाढ ठिसूळ होते आणि कॅप न बसवल्यास काही काळाने फुटते. मग आधीचा सारा खर्च वाया जातो. पैसे कमी पडत असतील तर ते आधीच सांगावे आणि सवलतीसाठी कोणता कागद लागेल हे विचारावे. पुढच्या भेटीची तारीख विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावी आणि शक्यतो ती मोडू नये. परीक्षांच्या आणि सुट्ट्यांच्या काळात कामे लांबतात, म्हणून लांबलचक उपचार त्याआधी उरकण्याचा प्रयत्न करावा.

दंत महाविद्यालयांतील सामाजिक दंतशास्त्र विभाग गावोगावी आणि शाळांत शिबिरे घेतात. शिबिरात तपासणी आणि किरकोळ काम होते, उरलेल्यासाठी चिठ्ठी देऊन महाविद्यालयात बोलावतात. चिठ्ठी मिळालेल्या अनेकांचे पाऊल तिथेच अडते. ती जपून ठेवून शक्य तितक्या लवकर जावे आणि नोंदणी करताना दाखवावी.

पाचवी पायरी: दाखल व्हावे लागल्यास

जबडा मोडणे, तोंडाचा कर्करोग, मानेत उतरलेला संसर्ग अशा मोठ्या दुखण्यांत चित्र बदलते, कारण इथे रुग्णाला दाखल करावे लागते आणि योजना उपयोगी पडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी खुली आहे आणि वर्षाला प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. ठरावीक यादीतील उपचार ठरावीक रुग्णालयांतच मिळतात, म्हणून आधी १५५३८८ या क्रमांकावर विचारावे आणि रुग्णालयात गेल्यावर प्रवेशद्वाराजवळच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटावे. दाखल होऊन बिल झाल्यावर चौकशी केली तर वेळ निघून गेलेली असते. साधे सिमेंट, रूट कॅनाल किंवा कवळी या योजनेत बसवून देतो असे कोणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

याशिवाय धर्मादाय रुग्णालयांचा आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम भरण्यासाठी अडवता येत नाही. रुग्णालयाने दाद दिली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या नाशिक येथील कार्यालयात लेखी तक्रार करता येते. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये. उत्पन्नाचा दाखला मिळायला दिवस लागतात, म्हणून कमी उत्पन्नाच्या प्रत्येक कुटुंबाने तो दरवर्षी आधीच काढून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मुलांसाठी

अंगणवाडीतील आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. ० ते १८ वयोगटासाठी असलेल्या या कार्यक्रमात दातांची कीड आणि दुभंगलेले ओठ-टाळू यांचाही समावेश आहे, आणि पुढील उपचारांसाठी मुलाला मोफत पाठवले जाते. पथक येऊन गेल्यावर आपल्या मुलाच्या कार्डावर दातांबद्दल काही लिहिले आहे का, हे बाईंना विचारावे. “दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत” म्हणून सोडून देऊ नये; दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाढांची जागा त्याच राखतात.

खेळताना मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाकडून धरावा, मूळ घासू नये, माती असल्यास पाण्याने हलकेच धुवून गार दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. वेळेत पोहोचल्यास तोच दात पुन्हा बसवता येतो.

रस्त्यावर दात बसवून घेऊ नयेत

बाजाराच्या दिवशी किंवा रस्त्याकडेला पेटी मांडून बसणारे लोक काही मिनिटांत आणि थोड्या पैशांत ‘पक्का’ दात बसवून देतात. ते हिरडीला आणि शेजारच्या चांगल्या दातांना कच्चे प्लास्टिक चिकटवतात. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सडते आणि चांगले दातही हलू लागतात. अवजारे निर्जंतुक केलेली नसल्याने कावीळ ‘ब’सारखे आजार पसरण्याचा धोका वेगळाच. दंतवैद्य अधिनियम, १९४८ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दंतोपचार करणे बेकायदेशीर आहे. ज्यांनी असे दात बसवून घेतले आहेत त्यांनी लाज न बाळगता सिव्हिलमध्ये किंवा दंत महाविद्यालयात ते दाखवून काढून घ्यावेत.

मिश्री, तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्यांनी दाढ दाखवायला गेले असता गालाचा आतला भागही तपासून घ्यावा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणे, तोंड हळूहळू कमी उघडणे यांपैकी काहीही असल्यास ते आपणहून सांगावे. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.

वृद्धांच्या कवळ्या

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्न गटातील ६० वर्षांवरील व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या साधनांत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांच्याबरोबर कवळीचाही समावेश आहे. ही साधने तपासणी शिबिरांतून दिली जातात. शिबिर केव्हा आहे याची चौकशी जिल्हा परिषदेच्या किंवा राज्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. शिबिराची वाट पाहणे शक्य नसेल तर दंत महाविद्यालयात कवळी करून घ्यावी. पूर्ण कवळीला सहसा पाच-सहा फेऱ्या होतात: आधी प्राथमिक माप, मग पक्के माप, मग वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतो याची नोंद, मग मेणात लावलेले दात तोंडात घालून पाहणे, आणि शेवटी तयार कवळी. मेणातले दात दाखवतात त्या दिवशी घरातले कोणीतरी सोबत असावे. आजींना आरसा देऊन बोलायला, हसायला लावतात. ओठ फार पुढे आले आहेत का, दात फार मोठे दिसतात का, हे त्याच वेळी सांगितले तर बदल करता येतो, नंतर नाही. दात काढल्यावर हिरडी भरून हाड स्थिर व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून शेवटचा दात काढला त्याच आठवड्यात कवळीचा हट्ट धरू नये.

नवी कवळी सुरुवातीला टोचते. टोचणारी जागा घरी कानशीने किंवा ब्लेडने घासू नये. कवळीची पकड जाते आणि ती दुरुस्त होण्यासारखी राहत नाही. टोचत असल्यास दाखवायला जायच्या आदल्या दिवशी ती काही वेळ घालावी, म्हणजे हिरडीवर लाल खूण उमटते आणि डॉक्टरांना नेमकी जागा सापडते. जुना केसपेपर घेऊन त्याच विभागात जावे. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये, आणि धुताना खाली पाण्याने भरलेली बादली ठेवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फरशीवर पडून तिचे दोन तुकडे होणार नाहीत.